टॉर्केलला ‘योर्तेन’ जहाज दाखवण्याबाबत

मी गुनवोर हेडलुंड, राहणार ब्योर्कसुंड, जुन्या लाकडाच्या रसायनशास्त्राची निवृत्त अभ्यासक, माझ्या मागे काय व्हावे ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते फिरल्याचे माझ्या नवऱ्याने एकदा लेखी कळवले होते, म्हणून ही खबरदारी.

१. बँकेतली शिल्लक मुलगी सिसेला हिला. कायद्याने द्यावीच लागते.

२. माझा सूक्ष्मदर्शक आणि लाकडाचे पातळ काप काढायची पाती इथल्या तंत्रशाळेला. त्यांवर टॉर्केलच्या नावाची पाटी लावू नये. ‘योर्तेन’ ही बुडालेली युद्धनौका समुद्रतळातून वर काढली, तेव्हा तिच्या जतनाचा प्रमुख माझा नवरा टॉर्केल होता. ओक सुकून तडकू नये म्हणून त्याने वर्षानुवर्षे मेणासारखे रसायन फवारले, ते ठीक. पण फळ्या जोडायला त्याने लोखंडी बोल्ट ठोकले. गाळातले गंधक लाकडात मुरलेले होते. लोखंडाशी गाठ पडली की त्याचे आम्ल होते आणि फळी आतून भुसभुशीत होत जाते, हे मी त्याला घरी जेवताना सांगितले. तो म्हणाला, “गुनवोर, तू थकलीयेस. झोप जा.” मग त्याने जहाजाच्या जतन समितीला माझ्या मनःस्वास्थ्याविषयी कळवले. सिसेलाने दुजोरा दिला. मला जतनाच्या कामावरून काढून टाकले. पुढे फळ्यांवर पिवळे-पांढरे क्षार फुटले, तेव्हा माझाच शोध त्याने स्वतःच्या नावाने मांडला आणि पदक घेतले.

३. वडिलांकडून माझ्या एकटीच्या नावे आलेले घर सिसेलाला, एका अटीवर. पक्षाघाताने टॉर्केलची वाचा गेल्यापासून मी त्याला रोज चाकाच्या खुर्चीतून संग्रहालयात योर्तेनपाशी नेते, क्षार फुटलेल्या फळीसमोर बसवते आणि आत किती लाकूड मेले ते कानात सांगते. तो रडतो. गाव म्हणते, काय माया आहे बाईची. सिसेला मला म्हणाली, “आई, पुरे कर गं आता. घरी राहू दे बाबांना.” मी म्हणाले, “डोळे पुसत जा त्याचे. दमट हवा लाकडाला सोसत नाही.” हा क्रम माझ्या मागे तिने रोज चालू ठेवावा.

४. सही करण्यापूर्वीची दुरुस्ती. टॉर्केलची देखभाल करणारी आनेली आज साक्षीदार म्हणून आली होती. तिसरे कलम वाचून तिने कागद खाली ठेवला. म्हणाली, “बाई, तुम्ही आजारी असता तेव्हा मीच नेते ना त्यांना. तेव्हा नाही रडत ते. जहाजाकडे बघून हसतात. निघायचं म्हटलं की चाक धरून ठेवतात.” हे ऐकून मला बरे वाटेल, अशी तिची समजूत असावी.

सबब वरील अट रद्द. टॉर्केलला पुन्हा कधीही योर्तेनपाशी नेले जाणार नाही, या अटीवर घर सिसेलाला मिळावे. त्याची खोली मागच्या बाजूला हलवावी. पुढच्या खिडकीतून संग्रहालयाचे छप्पर दिसते.

आनेलीने सही करण्यास नकार दिला. तिच्या ऐवजी शेजारचे दांपत्य करत आहे. त्यांनी मजकूर वाचलेला नाही. कायद्याने वाचावा लागत नाही.

सही: गुनवोर हेडलुंड

दोघांसमक्ष, एकाच वेळी:
रूने स्टेनबर्ग
बिरगिट स्टेनबर्ग

ब्योर्कसुंड, १४ नोव्हेंबर २००९