पाठराखीण

मॅडम,

आज दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं, आमचा विभाग महिनाअखेर बंद होतोय. काम हैदराबादला जाणार. तिथली मुलं इथे खराडीच्या ऑफिसात येतील, त्यांना सगळं शिकवायचं आणि मग मी मोकळी. "हँडओव्हर स्मूथ झाला पाहिजे हं मॅडम, आयोडोनियममध्ये तुमचा हात कोणी धरत नाही," असं वर गोडही बोलले. मी मान हलवली. केबिनबाहेर आले आणि तुमचा शब्द आठवला, पाठराखीण.

डायअरिलआयोडोनियम क्षार तुम्ही फळ्यावर काढलात तो दिवस. मधे आयोडिन, दोन बाजूंना बेंझिनचं एकेक कडं. एक कडं नव्या रेणूला जाऊन चिकटतं, ती नवरी. दुसरं नुसतं सोबतीला येतं आणि आयोडिनचा हात धरून परत जातं. "ती पाठराखीण. तिने सासरी राहायचं नसतं, एवढं सांभाळा." मी नेमकं तेवढंच सांभाळलं नाही. तांबं घातलं की मेसिटिल गट, म्हणजे आमची पाठराखीण, मुकाट परत जायचा, म्हणून तांब्याशिवायही जाईल असं गृहीत धरलं, आणि फिनॉलला नको तोच गट चिकटला. तुम्ही स्पेक्ट्रमचा कागद खिडकीकडे धरता, चष्मा कपाळावर सरकवता. "अहो विदुषी, पाठराखीण नांदायला बसली आणि नवरी माहेरी पोचली. पेढे कुठे वाटायचे, तेवढं सांगा." सगळी लॅब हसते. रडता रडता मलाही हसू फुटतं.

पुढे सुटं झालेलं ते आयोडाइड, म्हणजे आयोडिनसकट परतलेली पाठराखीण, तुम्ही कधी फेकू दिलं नाहीत. शुद्ध करून एका तपकिरी बाटलीत ठेवायला लावायचात, त्यापासून पुन्हा नवा क्षार करायला. बाटलीवर तुमच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी होती: माहेर. माझी पहिली नोकरी गेली तेव्हा मी तुमच्या लॅबच्या दारात येऊन उभी राहिले. तुम्ही काही विचारलं नाहीत. "तिकडचं टेबल पुसून घ्या, धूळ बसलीय," एवढंच म्हणालात आणि चहा सांगितलात. वाटलं होतं, ही सोय कायमची आहे. तुम्ही हे जगच सोडून गेलात, लॅबमध्ये आता कॉम्प्युटर बसवलेत, आणि ती बाटली कुठल्या कचऱ्यात गेली कोण जाणे. या वयात पुन्हा कोण म्हणणार आहे मला, टेबल पुसून घ्या म्हणून? मला भीती वाटतेय, मॅडम.

हे पत्र पर्समध्येच राहणार. पण एक सांगते. संध्याकाळी घरी न जाता रिक्षा तुमच्या डिपार्टमेंटकडे वळवली. गेटवरचा वॉचमन नवीन होता. "कोणाला भेटायचंय?" म्हणाला. मी तुमचं नाव सांगितलं. त्याने आत फोन लावला, बराच वेळ कानाला धरून ठेवला. "कोणी उचलत नाही. थांबताय का?"

मी हो म्हणाले, आणि बाकावर बसले.