पट्ट्यांच्या कोरफडीला रोज पाणी

अहो घरधनी,

त्या सकाळी सडा टाकून मी चूल पेटवली, आणि तुम्ही मागच्या मुरमात उकिडवे बसून कोरफडीभोवतीचे खडे सारखे करत होता. अंगात ताप होता तुमच्या. मी म्हटलं, "आज अकोल्याले जाऊ नका." तुम्ही नुसते हसलात. कापसानं भरलेल्या गाड्या दारात उभ्या होत्या आणि तुमचा धाकटा भाऊ गणपत ओरडत होता, "चाल ना दादा, भाव काय तुयासाठी थांबते?"

आज ती कोरफड मेली, म्हणून लिहायला बसले. तुमच्यामागे पोथीवर बोट फिरवून अक्षरं शिकले. वाकडी आहेत, वाचून घ्या.

अकोल्याचा बाजार यायच्या आधीच, वाटेतच तुम्ही जीव सोडलात, कापसाच्या बोज्यांवर. माप होईपर्यंत गणपतनं कुणाला कळू दिलं नाही. नंतर आपल्याच ओसरीवर बसून सांगत होता, "दादा निजला हाय म्हटलं. नाईतर व्यापाऱ्यानं काटाच बंद केला असता." लोक म्हणाले, डोकं चालवलं पोरानं. तुमच्या तोंडावर ऊन होतं का हो? कुणी पटका तरी टाकला का?

गणपतनं नवं घर बांधलं. मुंबईचा एक शेट कापूस पाहायला आला आणि मुरमातल्या तुमच्या कोरफडीपाशीच थबकला. मण्यार सापासारखे पांढरे पट्टे, आखूड पानं. अमरावतीला साहेबाच्या बागेतल्या माळ्याकडून तुम्ही पागोट्यात बांधून आणलेली. शेट खूश व्हावा म्हणून गणपतनं ती मला न विचारता कुदळीनं काढली आणि आपल्या दारासमोर काळ्या मातीत लावली. मग विचारायला आला.

"वैनी, इले पाणी कितीक लागते?"

"साध्या कोरफडीले नाही लागत. हे पाव्हणी हाय. इले रोज पाज."

"रोज?"

"घागरभर."

तुम्ही तिला पाण्याचा थेंब किती जपून द्यायचा, मला ठाऊक होतं. रागवाल? रागवा.

आज शेट सौदा पक्का करायला पुन्हा आला. गणपतनं कौतुकानं पान धरलं, तर अख्खं झाड हातात आलं. बुड कुजून काळं पडलेलं, वास सुटलेला. शेटनं नाकाला उपरणं लावलं. "कोरफड जगवता येत नाही, माझा माल काय सांभाळणार?" म्हणाला आणि गाडी जुंपायला सांगितली.

"वैनी, तूच त रोज पाज म्हटलं," गणपत म्हणाला.

"मग शेटले सांग ना," मी म्हटलं, "निजली हाय."

आता कळलं असेल त्याला.

तिची दोन पिलं मुरमात खड्यांआड राहिली आहेत. ती मी जगवीन. गणपतच्या दारी त्यातलं पानही जाणार नाही, हा माझा शब्द.

एक सांगायचं राहिलं. त्यानं पाण्याचं विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली घागर मीच नेऊन ओतली.

तुमची
काशी