मामाच्या गाडीतला मांडव

मु. बोरडोह, जि. आदिलाबाद
रामनवमीचा दुसरा दिवस

वडीलधारे यशवंतराव मेहुणे यांना बोरडोहहून नागनाथचा नमस्कार. (नात्यानं मी आपल्या घरचा जावई, तेव्हा खरं तर नमस्कार आपल्याकडून यायला हवा, पण वयानं आपण मोठे आणि काम माझं आहे, म्हणून मीच वाकतो.) इकडे सगळे खुशाल. तिकडची खुशाली कळवावी, आणि खास करून आपल्या खांद्यांची कळवावी. संक्रांतीला आलात तेव्हा उजवा धरल्याचं म्हणत होता. तो सुटला का? डावा ठीक असेलच. गुडघे कसे आहेत? चढावर दम लागतो का? कमरेचं काही नाही ना? आपण म्हणाल, वीस-बावीस वर्षांत ज्यानं माझ्या तब्येतीचा शब्द काढला नाही, तो आज सांधा सांधा काऊन विचारून राह्यला! वय होतं तशी माणसाला नात्याची किंमत कळते, एवढंच समजा.

तर आपली भाची मनकर्णा हिचं लग्न ठरलं. वैशाखातल्या अखातीनंतरचा पहिला मुहूर्त धरला आहे. मुलगा उटनूरला सरकारी हापिसात कारकून आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी तिन्ही बोलतो आणि तिन्हींत कमी बोलतो, म्हणून मला आवडला. त्याचे वडील निर्मलकडचे. भले गृहस्थ. त्यांनी हुंडा-मानपान काहीच मागितलं नाही. फक्त निरोप पाठवला की उन्हाळ्याचे दिवस आहेत, मांडव तेवढा गार असू द्या. एवढ्या साध्या मागणीनं माझी झोप कशी उडाली ते पुढे सांगतो. आपण चार दिवस आधी यावं, आणि या खेपेला लग्न आटोपलं की लगेच धोतर झटकून निघू नये. मृगाचा पाऊस पडेपर्यंत मुक्काम करावा. शेत आपली पोरं पाहतील. पाहुणचारात कमी पडणार नाही.

मी वन संरक्षण समितीचा अध्यक्ष झाल्याचं आपल्याला ठाऊक आहे, पण कसा झालो ते ठाऊक नसेल. रेंजरसाहेब गावात सभा घ्यायला आले त्या दिवशी मी आदिलाबादला कापूस घेऊन गेलो होतो. आमच्या गावात कोणतंही पद हजर माणसाला देत नाहीत, कारण तो नाही म्हणू शकतो. रात्री घरी आलो तर हिनं भाकर वाढता वाढता सांगितलं, तुम्ही अध्यक्ष झाले, भाजी गरम करू का. दुसऱ्या दिवशी साहेबांनी 'अध्यक्षुलु गारू' म्हणून हात जोडले. आता कोणी आपल्याला तेलुगूत एवढ्या अदबीनं हाक मारल्यावर मराठीत राजीनामा देणं बरं दिसत नाही. उपाध्यक्ष बयनाबाई झाल्या. त्यांचं घर वेशीपाशी, नाल्याच्या काठावर. त्या सभेला हजर होत्या आणि स्वतः हात वर करून झाल्या. या दोन तऱ्हांच्या निवडीत किती फरक असतो ते मला पुढे भोगावं लागलं.

आता नाल्याचं सांगतो. आपण लहानपणी इथे मामाकडे यायचात, तेव्हा नाल्याच्या दोन्ही काठांना जांभळी किती दाट होत्या ते आपणच मला सांगितलंय. माझ्या डोळ्यांदेखत त्या खराट्यासारख्या झाल्या. डोंगरावरचा साग कोणी नेला, ते नेणाऱ्याला आणि नेऊ देणाऱ्याला माहीत. पण जांभळी मात्र आम्हीच संपवल्या, आणि वाजतगाजत संपवल्या. कारण मांडव. जांभळीच्या डहाळीइतकी गार सावली दुसरी नाही, आणि ती मामाच्या गाडीतून आली नाही तर मांडव हा मांडवच नव्हे. (आपण आमच्या लग्नात आणलेली गाडी मला आठवते. बैल बुजले आणि गाडी माझ्याच अंगावर आली होती. तो अपघात होता असं मी अजून मानतो.) पुढे पुढे एका मामाच्या एका गाडीवर भागेना. चुलतमामा, मावसमामा, मानलेले मामा असे मामे वाढत गेले, आणि ज्याच्या दारात जास्त गाड्या तो मोठा, असं झालं. हे मामे मुक्कामाला यायचे आदल्या दिवशी आणि डहाळ्या तोडायचे आमच्याच नाल्यावर. लग्न दोन दिवसांचं, झाड पुन्हा पहिल्यासारखं दाट व्हायला पाच पावसाळे. नाला संक्रांतीलाच कोरडा पडू लागला. ऊन तर असं वाढलं की होळी पेटवण्याआधीच माणूस भाजून निघतो.

म्हणून मी ठराव केला. जांभळीला हात लावायचा नाही. यावर गावानं लगेच उपाय काढला. जो सापडे तो म्हणे, "अध्यक्षसायेब, ह्या डहाळ्या पैनगंगेपल्याडच्या हायेत." एका हंगामात पलीकडून इतक्या डहाळ्या आल्या की तुमच्या महाराष्ट्रात एकही झाड उरायला नको होतं. मग मी दुसरा ठराव केला, आणि तो करताना स्वतःच्या हुशारीवर फार खूष झालो होतो. झाड कुठलंही असो, हिरव्या डहाळ्यांची गाडी वेशीच्या आत आली की दंड. दंड पैशाचा नाही, पैसा लोक हसत देतात. गाडी आणणारा मामा आणि ज्याच्या दारात ती सुटली तो यजमान, दोघांनी समितीनं लावलेल्या रोपांना नाल्यातल्या डोहातून पाणी आणून घालायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मृगाच्या पावसापर्यंत. त्याच भरात हिरव्या बांबूलाही बंदी केली. बयनाबाईंनी विचारलं होतं, "नागनाथभाऊ, घरी इचारून घेतलं का?" मी म्हणालो, समितीचं काम घरी विचारून होत नसतं. सगळे हसले. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसले.

ठराव फळला मात्र. यशवंतराव, हे मी थट्टेनं लिहीत नाही. दोन वर्षांत जांभळींना फूट आली, आणि औंदा रामनवमी झाली तरी डोहात कमरेइतकं पाणी आहे. सकाळी तिथे मोर येतात. बायांची दूरच्या विहिरीवरची खेप वाचली. मी रोज उगाचच तिकडून चक्कर मारतो, पाण्यात काठी बुडवून पाहतो आणि घरी येतो. या पाण्याचा मला जेवढा आनंद आहे तेवढा चांगल्या भावात गेलेल्या कापसाचाही कधी झाला नाही. (जंगल वाढलं याचा पहिला पुरावा मात्र रानडुकरांनी माझ्याच ज्वारीत आणून दिला. अर्धं शेत झोपवलं. पांडुरंगराव म्हणाले, अध्यक्षाच्या घरी आधी पंगत पडली ते रीतसरच झालं.)

या पांडुरंगरावांमुळेच सगळा घोळ आहे. आमचे शेजारी, भिंतीला भिंत. गेल्या वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना दंड माहीत होता. ते स्वतः पाणी घालायला कुरकुरत का होईना तयार झाले होते, पण त्यांच्या मेहुण्यांनी 'मी पाहुणा हाय, भिस्ती नाय' असं कळवून गाडीच आणली नाही. मी मोठ्या मनानं उपाय सुचवला, आदिलाबादहून कापडी शामियाना आणा. आणला. लाल-पिवळा, झालरीचा, पाहून घ्यावा असा. सकाळी तो नुसता तापला. आत बसलेलं वऱ्हाड हळूहळू बाहेर उन्हात येऊन बसू लागलं, कारण बाहेर वारा तरी होता. भटजींनी मंगलाष्टकं निम्म्यावर आणली. नवरदेवाचे काका पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसले ते अक्षता टाकायलाही उठेनात. आणि 'सावधान' म्हणायला आणि वावटळ यायला एकच गाठ पडली. शामियाना खुंट्यांसकट उठला, वर गेला, नवरदेवाच्या वडिलांचा फेटा बरोबर घेऊन पांडुरंगरावांच्या विहिरीत उतरला. विहिरीत पाणी होतं, एवढीच समितीची बाजू. पांडुरंगराव माझ्याकडे आले. मला वाटलं मारतात. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "नागनाथ, तुही मनकर्णाबी लग्नाले आली हाय. तवा पाह्यतो मी."

ती वेळ आता आली आहे. मी घरात जाहीर केलं की आपल्या दारातही कापडाचाच मांडव पडेल, खुंट्या दुप्पट खोल ठोकू. हिनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं आहे. जे सांगायचं ते ताटाला सांगते आणि ताट माझ्यासमोर आपटते. ते मी सोसलं. पण परवा मनकर्णा वाती वळत बसली होती, वर न पाहता म्हणाली, "बाबा, मले कापडाचा मांडव चालते. पण मामाची गाडी येईन तवा मी दारात उभी राह्यते, बैलाच्या पायावर पाणी घालते, अन् मामा पयली डहाळी माह्या हातात देते, असं मी लहानपणापासून मनात धरलं होतं. जाऊ द्या." एवढं बोलून पुन्हा वाती वळू लागली. रडली असती तर मी दटावलं असतं. यशवंतराव, मी उठलो आणि डोहावर जाऊन बसलो. तिथे ते पाणी, ती जांभळीची कोवळी पालवी, आणि इकडे ही पोर. दोन्ही माझीच. ठराव मोडू तर उद्या वेशीत पन्नास गाड्या उभ्या राहतील, आणि अध्यक्षाच्या पोरीला वेगळा ठराव केला असं नातवंडं ऐकतील. न मोडू तर ही पोर दारात उभी राहील आणि गाडी येणार नाही. मला रडू आलं ते लिहायला लाज वाटत नाही. मोरांखेरीज कोणी पाहिलं नाही.

असो. आपण थोर आहात, समजून घ्याल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर पोष्टानं न पाठवता किनवटच्या बसमधून कोणाबरोबर पाठवावं. पोष्टानं ते दोन राज्यं फिरून येतं आणि तोवर नातवाचं बारसं निघेल.

आपला,
नागनाथ

ता. क. – येताना जांभळीच्या डहाळ्यांची एक गाडी घेऊन यावी. एकच. आपल्या बांधावरच्या झाडांच्या, त्याही खालच्या फांद्यांच्या. लपवूनछपवून कडब्याखाली आणायच्या नाहीत. भर दिवसा, वाजंत्री लावून, वेशीतून आणायच्या. मनकर्णा दारात उभी असेल.

आणखी ता. क. – ठराव मोडायचा नाही असं मी ठरवलं आहे. पाळायचा आहे, म्हणजे दंडासकट. काल सभा बोलावून सांगितलं की माझ्या दारात गाडी येणार आणि मी दंड भरणार. पांडुरंगराव उठून म्हणाले, "यजमानाचं झालं. मामाचं काय?" सभा माझ्याकडे पाहू लागली. तेव्हा मी दोन्ही हात वर केले, एक माझा आणि एक आपला. ठराव एकमतानं मंजूर झाला. पहिल्या कलमात खांद्यांची चौकशी केली ती याचसाठी. रोपं चढावर आहेत, डोह खाली आहे. पण पहाटे ऊन नसतं, आणि गप्पा मारायला माणूस असला की ओझं कळत नाही असं म्हणतात. पांडुरंगरावांनी चढाच्या मधोमध आपली बाज टाकून ठेवली आहे. ते मृगापर्यंत तिथेच बसणार आहेत. आपण खांदा दुखत असल्याचं कळवलंत तर आपली बहीण म्हणते की दादाचा डावा घेता येईल, पण गाडी आली पाहिजे. (हे तिनं मला तोंडानं सांगितलं. ताटाला नाही. त्यावरून काय ते समजावं.)

शेवटचं ता. क. – पाणी वाहायची कावड घरूनच आणावी, इथे बांबू तोडायला बंदी आहे. आणि कृपा करून जुनी, वाळलेल्या बांबूची पाहून आणावी. वेशीवर बयनाबाई बसलेल्या असतात. कावड हिरवी निघाली तर आपला मुक्काम पुढच्या मृगापर्यंत वाढेल.