परवान्यावरचे स्टिकर

प्रति,
मा. अधीक्षक,
फळ व भाजी मंडई कार्यालय.

विषय : गाळा क्रमांक सतराचा जप्त परवाना स्टिकरसह परत मिळणे व समोरचा गाळा अन्यत्र हलवणे.

संदर्भ : परवान्यावरील फोटो परदेशी कंपनीच्या चिन्हाने झाकल्याबद्दल मला आलेली नोटीस.

महोदय,

१. मी एकतीस वर्षे या मंडईत सफरचंदे विकतो. माल आपल्याच देशातल्या डोंगराळ बागांतला असतो. परवान्यावरच्या माझ्या फोटोवर परदेशी सफरचंदाचे स्टिकर आहे, हे मला मान्य आहे. मी देशी माल परदेशी म्हणून खपवतो, असे तपासनीसांचे म्हणणे आहे. तसे नाही. खरे कारण पुढे लिहिले आहे.

२. आधी समोरच्या गाळ्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी तिथे परदेशी फळे आली. तेव्हापासून गिऱ्हाईक माझ्याकडे पाठ करूनच उभे असते. माझ्याशी घासाघीस करणारे लोक समोरच्या गाळेवाल्याला तो सांगेल तो भाव देतात आणि वर थँक्यू म्हणतात. त्याचे फळ महिनाभर जहाजात असते, तरी ते ताजे. माझे आठवड्यापूर्वी तोडलेले, तर "हे काय, रोजचंच आहे." त्याच्या एकेका फळाला जाळीचा मोजा असतो. दवाखान्यात माझ्या पत्नीचे पाय गार पडायचे, तेव्हा दोनदा मागूनही मोजे मिळाले नव्हते. माझी सख्खी मुलगीही नातवासाठी त्याच्याकडूनच फळे घेते आणि पिशवी माझ्यापासून लपवते. लपवते, याचे जास्त लागते.

३. चांगली सफरचंदे विकायची, डागी घरी न्यायची आणि डाग कापून खायची, ही आमची पद्धत. पत्नीने जन्मभर तीच खाल्ली. शेवटच्या आजारात तिने एकच गोष्ट मागितली, "समोरचं एक आणा ना." मी आणले नाही. तीन दिवस आपल्याच गाळ्यावरचे निवडून, पुसून नेले. तिने ते उशाशी ठेवून दिले. चौथ्या दिवशी समोरचा स्वतःच एक घेऊन आला. मुलीने सांगितले असावे. सालीवरचे स्टिकर त्याने अलगद काढून तिच्या बोटावर ठेवले आणि फळ कापून दिले. पंधरा दिवसांत तिने ताटातले काहीच संपवले नव्हते, ते संपवले. मी विचारले, कसे आहे. म्हणाली, "छान आहे हो." माझ्या फळाला ती कधी छान म्हणाली असेलही, पण मला आठवत नाही, आणि आता विचारता येत नाही.

४. मग तिने माझ्या खिशातला परवाना मागून घेतला आणि ते स्टिकर नेमके फोटोवर चिकटवले. म्हणाली, "आता तुम्हीपण बाहेरचे झालात. जरा भाव खा." तिसऱ्या दिवशी ती गेली.

५. नवा परवाना काढा, असे आपल्या कार्यालयात सांगतात. मला नवा नको, तोच द्यावा. नियमाने स्टिकर काढावेच लागणार असेल, तर कोणी नखाने खरवडू नये. समोरच्या गाळेवाल्याला बोलवावे. न फाडता काढणे त्यालाच जमते. त्याला हलवण्याच्या मागणीचा विचार त्यानंतर करावा.

परवान्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
फळविक्रेता, गाळा क्रमांक सतरा

दिनांक : नोटीस मिळाल्यापासून चौथा दिवस

सोबत : नोटिशीची प्रत, पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, माझ्या गाळ्यावरचे सफरचंद एक (डाग कापून खावे).