सीलचं तेल आणि डीडीटीची पुडी

आई,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे झालेत. धरणाच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर, रविवारची सकाळ. मला पाटावर बसवून तू वर्तमानपत्राची पुडी सोडतेस, "नाक धर, डोळे मीट," म्हणतेस आणि डीडीटीची पावडर माझ्या केसांत पार मुळापर्यंत चोळतेस. वर जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधायचं. उवा फडक्यात मरून पडायच्या, आणि शिकेकाईनं न्हाऊ घातलं की तू कशी लढाई जिंकल्यासारखी बसायचीस! ती पुडी डासांची फवारणी करणारे सरकारी लोक द्यायचे, तुझ्या चहाखातर. ते आले की तू भांडीकुंडी अंगणात काढायचीस आणि भिंती पांढुरक्या झाल्याशिवाय त्यांना हलू द्यायची नाहीस. एमएस्सीला असताना सुट्टीत येऊन मी शहाणपणा केला, हे विष आहे म्हणाले. पोळपाटावरून मान वर न करता तू म्हणालीस, "तुझा भाऊ हिवतापानं गेला तेव्हा हे विष आपल्याकडे पोचलं नव्हतं. पोचलं असतं तर तो असता."

मी इथे अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या एका लॅबमध्ये माणसांच्या रक्तातली हीच विषं मोजते. अलास्काच्या पार उत्तरेकडच्या खेड्यांतून रक्ताच्या नळ्या बर्फात बांधून येतात. तिथे पीक म्हणून काही उगवत नाही, फवारणार कशावर? तरी रक्तात डीडीटी सापडतंच. उष्ण मुलखात ते हवेत उडतं, वाऱ्याबरोबर जातं आणि भाताच्या झाकणावर वाफ धरावी तसं थंडीत जाऊन बसतं. मग समुद्रात, माशांत, सीलच्या चरबीत, आणि सील खाणाऱ्या माणसांत. गेल्या वर्षी आम्ही त्यातल्या एका गावात घरोघरी जाऊन ज्याचे त्याला आकडे सांगितले. एका म्हातारीनं मला टेबलाशी बसवलं आणि सुका मासा व वाटीभर सीलचं तेल पुढे ठेवलं. आपल्या सात पिढ्यांत कुणी मासा चाखला नाही, पण पानातलं टाकायचं नाही ही तुझीच शिकवण, म्हणून तेलात बुडवून खाल्ला. म्हातारीनं विचारलं, "हे इथं कुणी टाकलं?" मी म्हटलं, इथं कुणी नाही, लांबून येतं. "तुमच्या देशातून?" तिथूनही, म्हटलं, आणि या देशातूनही. ती चिडली नाही. म्हणाली, "मग खायचं काय आम्ही? विमानानं येणारे चिप्स?" तिची लेक पोटावर हात ठेवून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, की बाळाला पाजू की नको. आम्हाला शिकवलेलं उत्तर मी दिलं: पाजा, आईच्या दुधाचा फायदा त्या विषाहून मोठा आहे. म्हातारीनं विचारलं, "स्वतःच्या मुलीला हेच सांगाल?" हेच सांगेन, म्हटलं. पापणीसुद्धा लवली नाही माझी.

आता माझ्या मुलीला नववा महिना लागलाय. ती एडिसनला, दुसऱ्या राज्यात असते. डोहाळजेवणाला माझ्याकडे आली तेव्हा हट्टानं रक्त काढून दिलं. "आई, जस्ट रन इट ना. मला नंबर कळला की मी डिसाइड करीन."

"आणि नंबर वाईट आला तर?"

"मग फॉर्म्युला देईन. सिंपल!"

तिला सिंपल वाटणारच. लॅबमधलं मशीन नवं आलं तेव्हा मी माझं स्वतःचं रक्त घालून पाहिलं होतं. तुझ्या केस चोळण्याच्या मानानं आकडा फारच कमी निघाला. बाकीचे सगळे मला भाग्यवान म्हणाले. पण उरलेलं कुठे गेलं हे मला ठाऊक होतं. बाईच्या अंगात साठलेलं हे विष दूध पाजताना बाळात उतरतं, आणि सगळ्यात मोठा वाटा पहिल्या मुलाला जातो. मला एकच मूल. तुझ्या दुधातलं, भिंतींवरचं, केसांतलं, सगळं मी डिंकाचे लाडू खात, लेक बाळसं धरतेय म्हणून खूश होत तिला वर्षभर पाजलं. कधी कधी मला तुझा भयंकर राग येतो, आई. मग भाऊ आठवतो आणि रागवायला कुणी उरत नाही. पाजावं हे मला पटलेलं आहे, आकडा काहीही येवो. पण तो आकडा मीच तिला दिलेला असेल, आणि तो मीच वाचायचा.

तिचा दर दोन-तीन दिवसांनी फोन येतो. "आला का रिझल्ट?" मी सांगते, मशीन बिघडलंय, पार्ट यायचाय. तिची नळी फ्रीझरमध्ये मागच्या कप्प्यात आहे. बाळ यायला आता फार दिवस नाहीत. हे तुला पोचणार नाही म्हणूनच सांगते: मशीन चालू आहे. रोज मी त्यात परक्यांच्या लेकींचं रक्त घालते.