प्रायॉरिटी बोर्डिंगची शास्त्रशुद्ध तपासणी

स्वस्ति श्री. सकल-मापदंड-मुकुटमणी, कूट-तराजू-कृतांत, पोकळ-वजन-विदारक, दुग्धविक्रेता-निद्रानाशक, इंधनपंप-चालक-हृत्कंप, लिटर-मीटर-किलोग्रॅम-त्रयी-संरक्षक, सत्तावीस वर्षे अखंडित सेवा व अकरा वर्षे प्रलंबित बढती यांनी विभूषित, वजनमापे निरीक्षक (वर्ग दोन) यांची ही खाजगी रोजनिशी. अन्य कोणी वाचू नये. वाचल्याचे आढळल्यास पंचनामा केला जाईल.

३ मार्च

जलपर्यटनाची तिकिटे आली. पाच दिवस, एक जहाज, दोन माणसे: मी आणि सौ. प्रयोजन, विवाहास पंचवीस वर्षे. प्रस्थान २९ मार्च, विवाहाचीच तारीख. सौ.ची अट एकच. जहाजाच्या दारात फोटोग्राफर उभा असतो म्हणे. तिथे दोघांनी एकत्र पाऊल टाकायचे आणि एकत्र फोटो काढायचा. आमच्या लग्नाच्या मुख्य फोटोत ती एकटी आहे. त्या क्षणी मी आचाऱ्याच्या वजनकाट्याची तपासणी करत होतो. काटा किलोमागे बारा ग्रॅम खात होता. फोटोची हकिकत सांगताना ही बाब ती नेहमी वगळते.

वचन दिले.

५ मार्च

तिकिटाचे भिंगातून वाचन. आमची बोर्डिंगची वेळ दुपारी दीड. दीडच का, याचा खुलासा नाही. जहाज सुटणार पाचला. खाली बारीक अक्षरांत: जादा शुल्क भरल्यास प्रायॉरिटी बोर्डिंग, सकाळी अकरा. बारीक अक्षरे दिसली की माझी उजवी भुवई आपोआप वर जाते. ती सायंकाळपर्यंत वरच होती.

तिकीट एजंटाला फोन. तो म्हणाला, साहेब, आधी चढाल, आधी जेवाल, पोहण्याचा तलाव रिकामा मिळेल, खोली मात्र दीडलाच उघडते. मग मधले अडीच तास हातातली बॅग घेऊन बसायचे कुठे, असे विचारले. म्हणाला, खुर्चीत.

उत्तर फार तत्पर. संशयास्पद.

८ मार्च

साडूंचा फोन. साडू दोनदा जहाजाने जाऊन आले आहेत आणि हे आम्हाला साधारण दोनशे वेळा कळले आहे. म्हणाले, अहो, कशाला नसत्या भानगडीत पडता, घरी पोटभर जेवा, दीड-दोनला आरामात जा, रांगेत चिटपाखरू नसतं. हा निःस्वार्थ सल्ला का, यावर रात्री जेवताना चिंतन. साडू दोन्ही वेळा सामान्य रांगेने चढले. मी प्रायॉरिटीने चढलो तर त्यांच्या दोन्ही सफरी एका दर्जाने खाली उतरतात. हेतू सिद्ध.

९ मार्च

एजंट विकणारा, साडू मत्सरी. दोन्ही साक्षीदार हितसंबंधी. प्रायॉरिटी पैसे देण्याच्या लायकीची आहे की नाही, हे ठरवण्यास प्रत्यक्ष तपासणी अपरिहार्य.

प्रत्येक तपासणीस दोन नमुने लागतात: एक संशयित, एक नियंत्रण. मी प्रायॉरिटीने चढेन. सौ. सामान्य रांगेने, दीडला. दोन्ही वेळा घड्याळाने नोंदवून या अग्रक्रमात माप किती मारले जाते ते सिद्ध करेन. सौ. नियंत्रण नमुना आहे हे तिला कळवलेले नाही. नमुन्याला कळवल्यास नमुना दूषित होतो.

वचनाचे काय, अशी शंका मनात आली. निरसन: अकराला चढून, जेवणाची पाहणी करून, दीडला मी जहाजाच्या दारात हजर. ती आली की एक पाऊल बाहेर, मग दोघे मिळून एक पाऊल आत. फोटो. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष.

११ मार्च

एजंटाच्या कार्यालयात समक्ष. तो म्हणतो, प्रायॉरिटी माणसाला मिळत नाही, नोंदणीला मिळते, तेव्हा घ्यायची तर दोघांची घ्या. ही सक्तीची जोडविक्री आहे, असे निदर्शनास आणून दिले. एकाचीच हवी, हा आग्रह कायम. अर्ध्या तासाच्या संगणकीय खटपटीनंतर त्याने आमच्या एका नोंदणीच्या दोन नोंदण्या केल्या. खोली तीच. म्हणाला, साहेब, एकदा वहिनींना विचारून घ्या, कागदावर तुम्ही दोघं वेगळे होताय.

मी म्हणालो, मी कागदाला भीत नाही, कागद मला भितात.

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. बहुधा प्रभावित.

१२ मार्च

सौ.ला योजना सांगितली, शास्त्रीय भाग वगळून. ती मटार सोलत होती. म्हणाली, म्हणजे तुम्ही पुढे आणि मी मागून. मी अडीच तासांच्या आघाडीचे महत्त्व विशद केले. ती म्हणाली, अहो, पंचवीस वर्षं तेच चाललंय, फरक इतकाच की या वेळी तुम्हाला त्याची पावती मिळेल.

विनोद करते आहे, त्याअर्थी संमती.

फोटोसाठी तिने निळी शाल घेतली आहे. मला तशाच निळ्या रंगाचा सदरा. दीडला दारात उभे राहाल ना, असे दोनदा विचारले. दोनदा होकार. दुसरा होकार पहिल्याइतकाच वजनदार होता.

२० मार्च

संकल्प: जहाजाच्या शिडीसाठी रोज पहाटे इमारतीचे तीन मजले चढणे.

२१ मार्च

गुडघा. संकल्प पुनर्विचारार्थ.

२८ मार्च

बॅग भरली: स्टॉपवॉच, प्रमाणित मोजपट्टी, तक्रार-अर्जाचे कोरे नमुने, कार्बन कागद. निळा सदरा सौ.ने स्वतः वर ठेवला. तिची बॅग वीस मिनिटांत भरून झाली. काहीतरी विसरली असणार. विचारले. नाही म्हणाली.

२९ मार्च, सकाळी १०:०५

बंदराचे टर्मिनल. विशाल दालन, दोरखंडांची वळणे, चाकांच्या बॅगांचा खडखडाट. दोन फलक. सोनेरी अक्षरांत ‘प्रायॉरिटी’, काळ्या अक्षरांत ‘सामान्य’. प्रायॉरिटीच्या रांगेत माझ्यापुढे तीनशे बारा माणसे. दोनदा मोजली. सामान्य रांगेत एक सफाई कामगार फरशी पुसतो आहे.

अर्थ उघड आहे. अग्रक्रम इतक्या मुक्तहस्ते विकला गेला आहे की ज्यांच्यापुढे जायचे ते कोणी उरलेलेच नाही. संशय खरा ठरण्यातला आनंद अवर्णनीय.

११:०४

दार उघडले. चार मिनिटे उशीर. नोंद.

११:२२

खिडकीशी पोचलो. बावीस मिनिटांची तूट. खिडकीवरच्या बाईंना घड्याळ दाखवले. त्या म्हणाल्या, अकरा ही दालनात यायची वेळ आहे, चढायची नाही. मी दालनात दहा वाजून पाच मिनिटांपासून आहे, असे सांगितले. म्हणाल्या, मग तुम्ही लवकर आलात, त्याला आम्ही काय करायचं.

लेखी तक्रारीचा मानस जाहीर केला. बाईंचा स्वर एकदम मवाळ. म्हणाल्या, काका, तक्रारीची खिडकी पलीकडे आहे, पण आधी चढून घ्या ना, तुमची प्रायॉरिटी बाराला संपते, तक्रार काय, वर गेल्यावरही करता येईल.

‘काका’. आणि चढण्याची घाई. जुनी युक्ती. माल एकदा घरी नेला की कमी वजनाची तक्रार कोण ऐकतो. मी पलीकडे गेलो. माझ्यामागचे गृहस्थ तत्काळ आत गेले.

११:४०

तक्रारीची खिडकी. टोकन क्रमांक ४६. चालू क्रमांक ९. सर्व तक्रारदार प्रायॉरिटीचे. पडदा ओढून आतला मनुष्य जेवायला गेला आहे.

१२:००

ध्वनिक्षेपकावरून प्रायॉरिटी संपल्याची घोषणा. पुढचे दहा-बारा तक्रारदार टोकने टाकून सामान्य रांगेकडे पळाले. चारित्र्यहीन माणसे. माझा क्रमांक मात्र तोच.

१:३१

सौ. आली. निळी शाल. साडूंनी गाडीतून सोडले, तेही फाटकापर्यंत आले होते. मला खांबाआडून पाहून म्हणाले, काय हो, उतरलात का चढायचेच आहात.

सौ. जवळ आली. म्हणाली, चला ना, रांग मोकळी आहे, दोघं जाऊ. टोकन दाखवले. चालू क्रमांक ३१. फक्त पंधरा उरले आहेत, दोन मिनिटांचे काम, तू पुढे हो, दारात थांब, मी आलोच. ती माझ्या सदऱ्याकडे पाहत होती. कॉलर नीट केली आणि गेली.

स्टॉपवॉच लावले. नियंत्रण नमुना रांगेत शिरल्यापासून जहाजाच्या पुलावर दिसेनासा होईपर्यंत: नऊ मिनिटे.

२:४०

चालू क्रमांक ३८. खिडकीवरचा मनुष्य प्रत्येक अक्षर दोनदा गिरवतो.

३:२६

माझी पाळी. त्याने अर्ज शांतपणे वाचला. शिक्का मारला. शेरा: ‘प्रवाशाने प्रायॉरिटीचा लाभ मुदतीत घेतला नाही. तक्रार निकाली.’ शिक्क्याची पोच मिळवली. हा पुरावा कुठल्याही न्यायासनापुढे टिकेल.

३:५२

चढलो. त्यापूर्वी माझे नाव ध्वनिक्षेपकावरून तीनदा उच्चारण्यात आले. अन्य कोणाही प्रवाशाचे एकदासुद्धा नाही. पुलावर दोन खलाशी धावत न्यायला आले. आदरातिथ्य समाधानकारक.

दारात फोटोग्राफर नव्हता. मागची पार्श्वभूमी, म्हणजे रंगवलेला सूर्यास्त, गुंडाळून भिंतीला टेकवलेला. सौ.ही नव्हती. तिथल्या खलाशाने आपणहून सांगितले की निळ्या शालीच्या बाई चाळीस मिनिटं उभ्या होत्या, सगळ्यांना पुढं जाऊ देत होत्या, मग म्हणाल्या, काढा एकटीचा.

मापन: नियंत्रण नमुना, नऊ मिनिटे. प्रायॉरिटी नमुना, पाच तास सत्तेचाळीस मिनिटे. निष्कर्ष तूर्त राखून ठेवतो. एका चाचणीवरून मत बनवणे अशास्त्रीय.

सायंकाळी ६:००

खोलीत दोन पलंग आहेत, आणि ते दोन भिंतींना आहेत. मध्ये एक जड टेबल. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाला बोलावले. म्हणाला, साहेब, दोन वेगळ्या नोंदण्या, अनोळखी प्रवाशांना आम्ही असेच देतो. आम्ही पंचवीस वर्षे विवाहित आहोत, असे सांगितले. त्याने सौ.कडे पाहिले. जणू दुजोरा हवा होता. ती बॅगेतून कपडे काढत होती. दुजोरा किंचित उशिरा आला.

पलंग जोडायचे तर छापील अर्ज, त्यावर दोन्ही प्रवाशांची सही. मी तत्क्षणी केली. सौ. म्हणाली, उद्या बघते, आज पाय दुखताहेत.

३० मार्च

जहाजाच्या मधल्या मजल्यावर सर्वांचे फोटो टांगले आहेत. सौ.चा पाहिला. सूर्यास्तासमोर ती मध्यभागी उभी नाही. डावीकडे सरकून उभी आहे आणि तिच्या शेजारी जागा रिकामी आहे. सवयीने मोजपट्टी लावून प्रमाण काढले. प्रत्यक्षात सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर भरते. माझी रुंदी त्याहून थोडी अधिक. मी त्या जागेत मावलो नसतो, हे तिला साधार समजावले.

ती म्हणाली, मावला असतात.

तिने फोटो विकत घेतला. मोठ्या आकाराचा.

खोलीत परतलो तर दाराखाली दोन लिफाफे. दोन्हींत तेच: एकल प्रवासी स्नेहमेळाव्याचे सस्नेह निमंत्रण, चहा, शब्दकोडी, नव्या ओळखी. माझे निमंत्रण ‘प्रस्तुत प्रवासी सपत्नीक आहे’ असा शेरा मारून परत पाठवले. सौ.ने आपले दोनदा वाचले. म्हणाली, मी जाऊन येते. हे कसले धाडस, असे मी विचारले. म्हणाली, अहो, कागदावर मी एकटीच आहे, आणि तो कागद काही मी केलेला नाही.

तीन तासांनी आली. शब्दकोड्यात पहिली. एक निवृत्त भूगोल शिक्षिका आणि एक दंतवैद्य बाई यांच्याशी ओळख. दंतवैद्य बाई तिला हसताना पाहून म्हणाल्या म्हणे, तुमचे दात फार सुंदर आहेत. पंचवीस वर्षांत ही बाब माझ्या तपासणीत आलेली नाही.

३१ मार्च, दुपारी ३:१०

सौ. पुन्हा मेळाव्याला. उद्या त्यांची किनाऱ्यावर सहल आहे, तिघींनी नावे दिली आहेत. मीही दाराशी जाऊन पाहिले. दारावरच्या मुलीने हसून निमंत्रण मागितले. ते मीच परत केले होते. दुसरे मिळेल का, असे विचारले. म्हणाली, आमच्या यादीत तुमच्यापुढे ‘सपत्नीक’ लिहिलंय, तेव्हा पत्नीला घेऊन या. पत्नी आतच आहे, असे सांगितले. ती म्हणाली, आत सगळे एकटेच आहेत काका.

काचेतून सौ. दिसली. काहीतरी सांगत होती, आणि बाकीच्या ऐकत होत्या. मी हात केला. तिने पाहिले असावे. कोड्यात मग्न होती.

३:४०

खोली. पलंग जोडण्याचा अर्ज टेबलावर आहे. एकच सही आहे. त्यावर तिने फोटो ठेवला आहे, वारा लागू नये म्हणून असेल.

दरम्यान एक गंभीर त्रुटी लक्षात आली आहे. या खोलीत मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट एकच, आणि ते सौ.च्या पलंगाच्या उशाशी. माझ्या उशीपासून त्याचे अंतर, प्रमाणित मोजपट्टीने दोनदा मोजून, दोन मीटर अकरा सेंटिमीटर. चार्जरची तार दोन मीटर. फोन जमिनीवर ठेवला तर माणूस जाता-येता पाय देतो. सेवकाकडे जोडतार मागितली. म्हणाला, आहे, पण ती खोलीत आधी दाखल झालेल्या प्रवाशाच्या नावावर देतो, बाईंना पाठवा. बॅटरी सहा टक्के. बाई सहाला येतील की सातला, हे सांगून गेलेल्या नाहीत, आणि सेवकाची पाळी पाचला संपते.