पातं उतरवू नका

बाबा,

आज स्टुडिओत लवकर बोलावलंय, निघाले. संध्याकाळी टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत मी ‘थंडी सरली’ असं सांगणार आहे. पण म्हणून लगेच ट्रकपुढचं बर्फ सारायचं पातं उतरवू नका. मार्चमध्ये सुपीरियर सरोवराचा काही नेम नसतो. गेल्या वर्षी माझा अंदाज ऐकून उतरवलंत आणि दुसऱ्याच दिवशी दोन फूट बर्फ पडला. फावड्याने उपसताना छातीत कळ आली, ती मला डॉक्टरांकडून कळली. आणि वर कॉफीच्या दुकानात माझ्या अंदाजाला हसणाऱ्या रेनोशी भांडलात, “माझी पोर नाही चुकली, बर्फ चुकला!”

पातं तसंच ठेवलंत म्हणून यंदा हसू दे त्या रेनोला.

माशाचं सूप गरम करून घ्या. आणि माझ्यावर विश्वास दाखवायचाच असेल, तर टीव्हीवर नको, या चिठ्ठीवर दाखवा.

ऐला